शेवटच्या हाताची चौकशी



शीर्षक जरा कोड्यासारखं आहे, म्हणून आधी तेच उलगडतो. आपल्याकडे बस उलटली किंवा सरकारी रुग्णालयात आग लागली की ठरलेले तीन कागद निघतात. पहिल्यात शोक असतो आणि मृतांच्या वारसांना मदत जाहीर केलेली असते. दुसऱ्यात चौकशी समिती नेमल्याचं कळवलेलं असतं. तिसरा कागद काही दिवसांनी येतो, त्यात कोणाला निलंबित केलं, कोणाची सेवा संपवली, हे असतं. गेल्या दहाएक वर्षांतल्या मोठ्या घटनांचे असे कागद आणि त्यांच्या बातम्या आम्ही ओळीने वाचून काढल्या. एखाद्या लेखकाची सगळी पुस्तकं सलग वाचली की त्याच्या लकबी कळायला लागतात. इथेही कळल्या. घटनेच्या क्षणी ज्याचा हात त्या वस्तूवर होता, म्हणजे स्टीअरिंगवर, यंत्राच्या बटणावर, ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हवर, त्याच्यापाशी येऊन चौकशी थांबते. त्या हाताच्या मागे असलेले दहा हात कागदावर येतच नाहीत. आज बोलायचंय ते या सवयीबद्दल.

रुग्णालय आणि रस्ता एकाच व्याख्यानात का घेतले, असं काही जणांना वाटेल. कारण दोन्हीकडे शेवटचा हात सारखाच आहे. एकीकडे परिचारिका, दुसरीकडे चालक. आणि दुसरं साधं कारण म्हणजे रस्त्यावर पडलेला माणूस शेवटी रुग्णालयातच जातो.

भंडाऱ्यापासून सुरुवात करू. ९ जानेवारी २०२१. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. १७ बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. काहींना भाजलं होतं, बाकीची धुराने गुदमरली. तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी चौकशीचा निष्कर्ष सांगितला तो असा, की बाळांना ऊब देणाऱ्या रेडियंट वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ठिणगी पडली आणि आग पसरली. मग कारवाई झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, हे नोंदवायलाच हवं. वरचे सगळे सुटले असं म्हणणं खोटं ठरेल. पण कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवलं गेलं, आणि फेब्रुवारीत पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर.

आता ठिणगी पॅनेलमध्ये पडली असेल तर प्रश्न कोणते निघतात बघा. वॉर्मर कोणी खरेदी केला? त्याच्या देखभालीचा करार चालू होता की संपला होता? त्या कक्षाच्या वायरिंगवरचा भार शेवटचा कोणी आणि कधी मोजला? धूर ओळखणारं यंत्र होतं का? धूर बाहेर जायला वाट होती का? यांतला एकही प्रश्न परिचारिकेला विचारण्यासारखा नाही. तिला एकच विचारता येतो: त्या वेळी तू कुठे होतीस? तो प्रश्न विचारायलाच हवा, त्या आईबापांच्या मनात तो सगळ्यांत आधी येणार. पण पहिल्या पाचांची उत्तरं शोधायला महिने लागतात, फायली उघडाव्या लागतात, दुसऱ्या खात्याला पत्रं लिहावी लागतात. सहाव्याचं उत्तर हजेरीपटावर आणि सीसीटीव्हीत तयार असतं. चौकशीला आठवड्याची मुदत दिली की सहावाच प्रश्न जिंकणार, हे उघड आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून दाब पडला आणि २२ रुग्ण दगावले. आणि भंडाऱ्यानंतर दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ जण गेले. तिथेही निलंबनं झाली, पण अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. परिचारिका संघटना तेव्हा रस्त्यावर आल्या होत्या. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं: इमारत आमची नाही, वायरिंग आमचं नाही, अटक मात्र आमची.

हे 'इमारत आमची नाही' प्रकरण जरा नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. तो सांगतो की आगीपासून बचावाची यंत्रणा नीट ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन द्यायचं. त्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. आता जिल्हा रुग्णालयाचा मालक कोण? इमारत बांधतो सार्वजनिक बांधकाम विभाग. विजेचं काम त्याच विभागाच्या विद्युत शाखेकडे. वापरतो आरोग्य विभाग. पैसे कधी आरोग्याच्या अंदाजपत्रकातून, कधी जिल्हा नियोजन समितीतून. यंत्रं खरेदी करणारी संस्था आणखी वेगळी. म्हणजे शल्यचिकित्सकाने पत्र लिहायचं, बांधकाम विभागाने अंदाजपत्रक करायचं, नियोजनाने निधी द्यायचा, आणि निधी आला की मार्च संपत आलेला असतो. यात कोणी एकाने दुष्टपणा केला असं नसतं. प्रत्येकाकडे आपापल्या पत्राची पोच असते, आणि फाइल भरलेली असते. परिचारिकेकडे तेवढी पोच नसते.

आम्हाला एक तुलना नेहमी खटकते. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. रहिवासाचा दाखला किती दिवसांत द्यायचा, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने द्यायचा, त्याने दिला नाही तर अपील कोणाकडे, हे सगळं लिहिलेलं आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. रक्कम किरकोळ आहे, ठीक. पण हुद्दा ठरलेला आहे, मुदत ठरलेली आहे. दाखल्याच्या बाबतीत जे जमलं ते वॉर्मरच्या देखभालीच्या बाबतीत का जमू नये? कार्यालयाच्या भिंतीवर सेवांची यादी लावतात. अतिदक्षता विभागाच्या दारावर 'विद्युत तपासणी शेवटची अमुक तारखेला, करणारा अमुक हुद्द्याचा अभियंता' अशी पाटी लावायला कोणता कायदा आडवा येतो?

आता कायद्यातली शिक्षा बघू, म्हणजे शेवटच्या हाताची किंमत कळेल. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३०४अ कलम होतं. निष्काळजीपणाने मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं, सगळ्यांना सारखं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १०६ व्या कलमात ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली. डॉक्टरांनी ओरड केली, म्हणून उपचार करताना असं घडलं तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला दोन वर्षांपर्यंतच शिक्षा अशी सवलत ठेवली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे कोण, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे एकाच खाटेशी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला दोन वर्षांची मर्यादा, दुसरीला पाच. याच कलमाचं दुसरं पोटकलम, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे आठवत असेल. संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवावं लागलं.

आणि रस्ता चुकीचा बांधणाऱ्याला? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार यांना दंड. किती? एक लाख रुपयांपर्यंत. तुरुंगवास नाही. चालकाला वर्षांत मोजायचं आणि अभियंत्याला रुपयांत. तरीही हे कलम आलं ते आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण 'रस्ताही दोषी असू शकतो' हे कायद्याने पहिल्यांदा असं स्वतंत्र कलम करून मान्य केलं. फक्त ते वापरल्याचं ऐकिवात येत नाही. अपघात झाला की फिर्याद चालकाविरुद्ध. वळणाला उतार चुकीचा होता का, दुभाजक अचानक कुठे संपतो, खांबाला अडथळा-पट्टी होती का, हे पंचनाम्यात लिहायला हवालदाराला कोणी शिकवलेलंच नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यू आहेत, महाराष्ट्रात १५,२२४. वर्गवारीत अतिवेगाच्या खात्यावर देशातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू टाकलेत. खड्ड्यांच्या खात्यावर १,८५६. आता हा आकडा तयार होतो कुठे? पोलीस ठाण्यात. घटनास्थळी गेलेल्या अंमलदाराला जे दिसलं, जे पटकन लिहिता आलं, त्यातून. मोटारसायकलस्वार खड्डा चुकवताना ट्रकखाली गेला, तर तो कोणत्या खात्यात पडेल? बहुधा ट्रकचालकाच्या निष्काळजीपणात. अतिवेग हे खोटं कारण नाही, हे स्पष्ट सांगतो. वेगाने माणसं मरतात. पण ज्या फॉर्मवर चालकाचा दोष लिहायला सगळ्यांत सोपी जागा आहे, त्या फॉर्ममधून चालकाचाच दोष सगळ्यांत जास्त निघणार, आणि मग मंत्री त्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणणार की लोकांनी शिस्त पाळली पाहिजे. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हाही चर्चा चालकाला डुलकी लागली की टायर फुटला यावरच फिरत राहिली. उलटलेल्या बसमधून माणसांना बाहेर का पडता आलं नाही, तशा बसला परवाना आणि तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र देताना आपत्कालीन दारं कोणी तपासली, हा प्रश्न दोन दिवसांत मागे पडला. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नाशिकला बस पेटली होती आणि १२ जण गेले होते. तेव्हाही हाच प्रश्न होता.

कुर्ल्याचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी घेतो. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली. चालकाला अटक झाली, प्रकरण न्यायालयात आहे, त्याच्या दोषाबद्दल आम्ही बोलणार नाही. पण बस बेस्टच्या रंगाची, मार्ग बेस्टचा, तिकीट बेस्टचं. गाडी मात्र कंत्राटदाराची आणि चालकही कंत्राटदाराकडून आलेला. अशी मोठी स्वयंचलित बस हातात देण्याआधी प्रशिक्षण किती दिवस द्यायचं आणि ते झालं की नाही हे कोणी तपासायचं, हा मुद्दा त्या वेळी बराच गाजला. भंडाऱ्याच्या परिचारिका कंत्राटी, कुर्ल्याचा चालक कंत्राटी. कंत्राटाचा फायदा खर्चात होतो असं सांगतात. आमच्या मते दुसराही एक फायदा होतो, तो अंदाजपत्रकात दिसत नाही: शेवटचा हात आपल्या आस्थापनेवरच नसतो. त्याला काढून टाकायला विभागीय चौकशीसुद्धा लागत नाही.

मग शासनाला काही जमतच नाही का? असं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. एसटीच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. ते दोन्ही चालक स्वतःच गेले, त्यामुळे तिथे शेवटचा हात शिल्लक नव्हता. मग दोष पुराला गेला. पण पुढे काय झालं पाहा. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे पैसा आहे, अभियंते आहेत, मनात आणलं तर वेगही आहे. त्याच मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि कोकणी माणूस दर गणपतीला त्याची परीक्षा घेतो. पूल पडल्यावर जे १६५ दिवसांत होतं, ते पडायच्या आधी का होत नाही, याचं उत्तर आमच्या मते तांत्रिक नाही. पडलेल्या पुलाला उद्घाटनाची तारीख मिळते, तपासलेल्या पुलाला मिळत नाही.

नांदेडचं तर नाटकच झालं. २०२३ च्या सप्टेंबरअखेर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आलेला भार, अशी चर्चा सुरू झाली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी काय केलं, तर प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. कॅमेरे हजर होते. औषध खरेदी आधी हाफकिनकडे दिली, मग काढली, २०२३ मध्येच त्यासाठी नवं प्राधिकरण करण्याचा कायदा झाला. या सगळ्या खांदेपालटात गोळ्या आणि सलाईन कुठे अडकले, हा त्या आठवड्यातला खरा प्रश्न होता. त्याला दृश्य नाही. झाडूला आहे. त्या दृश्यावर टाळ्या वाजवणारे आपणही होतो, हे विसरू नका. खासदारांवर गुन्हा दाखल झाला, आणि खरेदीचा प्रश्न समित्यांकडे गेला.

या सवयीला पर्याय दुसऱ्या देशात शोधायची गरज नाही, आपल्याच रेल्वेत आहे. रेल्वेचा मोठा अपघात झाला की चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. रूळ ज्याचे त्यानेच तपासायचे नाहीत, एवढं साधं तत्त्व. २ जून २०२३ च्या बालासोर अपघातात या आयुक्तांचा अहवाल गाडीच्या चालकांपाशी थांबला नाही. सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुका त्यात आल्या. इतकंच नाही, तर आदल्या वर्षी मे महिन्यात खरगपूर विभागातच तशीच चूक घडली होती, तेव्हा दुरुस्ती केली असती तर हा अपघात टळला असता, हेही त्यात आलं. चौकशी मागे गेली ती अशी. आता यातही मेख आहे. पुढे सीबीआयने अटक केली ती तीन कर्मचाऱ्यांना, आणि ते कोणी फार वरचे नव्हते. म्हणजे स्वतंत्र चौकशीने सगळं सुटतं असा भ्रम नको. पण निदान मागची चूक छापील कागदावर तरी आली. आपल्या रस्त्यांची चौकशी बांधकाम विभागाचेच अभियंते करतात, रुग्णालयाची आरोग्य विभागाचेच संचालक. अहवाल जाहीर होतोच असं नाही. दहा बाळं गेल्यावर काय शिकलो हे नगरच्या रुग्णालयाला कोणत्या कागदाने कळणार होतं?

राजीनाम्याबद्दल एक शब्द. जबाबदारीचा विषय निघाला की लालबहादूर शास्त्रींचं १९५६ चं उदाहरण निघतंच. आदर आहेच. पण आम्हाला मंत्र्याचा राजीनामा नको आहे. मंत्र्याने खुर्चीवर बसून सहा महिन्यांनी सभागृहात सांगावं की अहवालातल्या कोणत्या शिफारशी झाल्या, कोणत्या राहिल्या. हे राजीनाम्यापेक्षा अवघड आहे.

न्यायालयांकडे वळू. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला की वेळेवर उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद २१ चा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला चालणार नाही. २५ हजारांची भरपाई दिली. पण त्या निकालातलं मोलाचं पुढे आहे: आरोग्य केंद्रांची क्षमता वाढवा, रुग्णवाहिका द्या, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती व्यवस्था करा. न्यायालय दारावरच्या डॉक्टरपाशी थांबलं नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, तिने जीव वाचवलेत. तरी तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला खाटेसाठी रस्त्यातून फोन लावत बसावं लागतं, हे इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी भोगलेलं असेल. अपघातग्रस्तांना विनारोकड उपचार द्यायची तरतूद एप्रिल २०२२ पासून कायद्यात लागू होती. योजना आली मे २०२५ मध्ये, तीही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत खडसावल्यावर. सात दिवस, दीड लाखापर्यंत. मधली तीन वर्षं कोणाच्या हजेरीपटावर मांडायची?

ताजी गोष्ट मुंबई उच्च न्यायालयाची. खड्ड्यांबाबत २०१३ पासून चालू असलेल्या जनहित याचिकेत १३ ऑक्टोबर २०२५ ला आदेश झाला. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. खड्डा कळवल्यावर ४८ तासांत बुजवायचा. आणि भरपाई आधी संस्थेने द्यायची, नंतर दोषी अधिकाऱ्याकडून, कंत्राटदाराकडून वसूल करायची. आमचं लक्ष या शेवटच्या वाक्यावर आहे. आजवरची मदत ही करदात्याच्या पैशातून होती, ज्याच्या चुकीने खड्डा राहिला त्याला झळ नव्हती. एक शंका मात्र आहे: वसुली कनिष्ठ अभियंत्याच्या पगारातून होऊन तिथेच थांबली, तर शेवटचा हात फक्त बदलेल. चालकाऐवजी कनिष्ठ अभियंता.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, 'हे सगळं ठीक, पण आमच्या तालुक्याच्या रुग्णालयाचं आम्ही काय करू शकतो?' दोन कागद मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्ज दोन करा. पहिल्यात गेल्या जानेवारीचा आणि जुलैचा फॉर्म बी मागा. दुसऱ्यात बाळांच्या कक्षातल्या यंत्रांचे चालू देखभाल करार मागा, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासकट. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, त्याला 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येतं. कागद मागा. तीस दिवस वाट पाहा. कागद नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, पोच सांभाळा. त्या कक्षात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेलाही त्याची एक प्रत द्या, तिच्याकडेही एखादी पोच असू दे.